गाडी खाली बसवली, शॉकअप तेच ठेवले

या वेळी पत्रं बहुतेक सगळी एकाच दुखण्याची आलीत. कुणी आखूड स्प्रिंग टाकून गाडी लोअर केलीय, म्हणजे खाली बसवलीय, आणि ती आता उड्या मारतेय, कुणाला करायचीय आणि घरचे नको म्हणतायत. म्हणून हा महिना स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडीला देऊन टाकतो. एसीवाले आणि बॅटरीवाले, पुढच्या अंकापर्यंत जरा दम धरा.

प्रश्न : सर, माझी 2016 ची पोलो डिझेल आहे, 68 हजार किलोमीटर झालेत. दिवाळीत चारी लोअरिंग स्प्रिंग टाकल्या, 35 मिलिमीटरच्या. फिटर म्हणाला शॉकअप एकदम ओके आहेत, लीक नाहीत, उगाच पैसे घालू नका. गाडी दिसायला भारी दिसते पण हायवेला पुलाच्या जॉइंटवरून गेलं की पुढचं तोंड दोन-तीन वेळा वर-खाली होतं, खराब रस्त्यावर पुढून धप्प आवाज येतो आणि स्पीडब्रेकर उतरला की मागून टण्ण. आता तोच फिटर म्हणतोय अजून कडक स्प्रिंग टाकू. टाकू का? — एक वाचक, सातारा

उत्तर : नका टाकू. तुमच्या गाडीला तीन वेगवेगळी दुखणी आहेत. कडक स्प्रिंगने त्यातलं एक जरासं कमी होईल, दुसरं वाढेल आणि तिसऱ्याला ढिम्म फरक पडणार नाही.

आधी ते तोंड वर-खाली होणं बघू. शॉकअपच्या नावातच शॉक आहे त्यामुळे सगळ्यांना वाटतं दणका तोच खातो. दणका खाते स्प्रिंग. ती दबते, आणि दबली की तेवढ्याच जोरात परत उसळणार, तिला आवर घालायला शॉकअप लागतो. आत पिस्टनला बारीक भोकं आणि वर पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, त्यातून तेल ढकलताना स्प्रिंगमधली ताकद उष्णता होऊन निघून जाते. खराब रस्त्यावर तासभर गाडी चालवून आलात की चाकाच्या मागून हात घालून शॉकअपच्या नळकांड्याला बोट लावून बघा, कोमट लागेल. एखादाच गार लागला तर तो काम करत नाहीये असं समजा.

आता समजायला थोडे आकडे घेऊ, तुमच्या गाडीचे नाहीत, उदाहरणाचे. पुढच्या एका चाकावर बॉडीचं 300 किलो वजन आहे आणि कंपनीची स्प्रिंग 22 न्यूटन पर मिलिमीटरची आहे, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला साधारण सव्वादोन किलो. ही जोडी मोकळी सोडली तर सेकंदाला 1.36 वेळा डोलते. लोअरिंग स्प्रिंग कंपनीच्या स्प्रिंगपेक्षा कडक असते, ती 30 टक्के कडक धरली की तोच आकडा 1.55 वर जातो. आणि आधीइतक्याच झोक्यांत शांत व्हायचं असेल तर शॉकअपचा आवर किती वाढवायला लागतो? हे गणित वर्गमुळात चालतं, म्हणून 30 नाही, 14 टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, आणि खरंच, कंपनीचा नवाकोरा शॉकअप असता तर त्याने ते कसंबसं ओढून नेलं असतं. पण तुमचा 68 हजार चाललेला, आपल्या रस्त्यांवर, आतल्या चकत्या थकलेल्या, तेल पातळ झालेलं, गॅस थोडा गेलेला. तो आधीच मागे होता, तुम्ही शर्यत अजून लांबवली.

लीक नाही म्हणजे चांगला हे डोक्यातून काढून टाका. लीक म्हणजे सील गेलं, एवढंच. सील शाबूत आणि आतला व्हॉल्व्ह मेलेला असे शॉकअप मी ढिगाने काढलेत. बॉनेट दाबून सोडायची टेस्टही अर्धवट आहे, हाताने आपण फार हळू दाबतो आणि तेवढ्या हालचालीत बुश (सांध्यातली रबरं) आणि सीलचं घर्षणच गाडीला थांबवून टाकतं, खरी परीक्षा होतच नाही.

अजून एक, शॉकअप दोन बाजूंनी काम करतो, दबताना आणि लांबताना. लांबतानाच्या बाजूला रिबाउंड म्हणतात आणि कडक स्प्रिंग टाकल्यावर जास्त ताकद लागते ती तिथे, कारण जास्त जोराने वर फेकणाऱ्या स्प्रिंगला मागे खेचायचं असतं. तुमच्या पोलोचं तोंड जॉइंटनंतर तीनदा डुलतं ते ह्याच्यामुळे. अजून कडक स्प्रिंग टाकलीत तर ते चारदा डुलेल.

दुसरं, धप्प. हे स्प्रिंगचं कमी आणि जागेचं जास्त आहे. समजा कंपनीच्या उंचीवर चाकाला वर जायला बंप स्टॉपरपर्यंत, म्हणजे चाक पार वर आलं की आडवं येणाऱ्या रबरापर्यंत, 75 मिलिमीटर जागा होती. तुम्ही गाडी 35 ने खाली आणलीत, उरली 40. खड्डा तोच, त्याचा दणका तोच, पण पचवायला जागा जवळपास अर्धी. स्प्रिंगमध्ये मावणारी ताकद अंतराच्या वर्गाने वाढते, त्यामुळे तोच दणका 40 मिलिमीटरमध्ये स्टॉपरला न लागता पचवायचा तर स्प्रिंग साडेतीन पट कडक लागेल. तशी गाडी बैलगाडीच होईल, म्हणून कोणी बनवत नाही. लोअरिंग स्प्रिंगवाले थोडी कडक करतात, 20-30 टक्के वगैरे, आणि बाकीचं काम बंप स्टॉपरवर सोडतात. त्यामुळे लोअर केलेल्या गाडीत स्टॉपर म्हणजे शेवटच्या वेळचं रबर नाही, तो रोजच्या वापरातला दुसरा स्प्रिंग आहे. तुमचा 68 हजारांत भुगा झालेला असणार, तो पिवळसर फोमसारखा तुकडा बोटाने चुरगळून बघा, चुरा पडतोच. आणि फिटरने नवीन स्प्रिंग घालताना तो बदलला असेल असं मला वाटत नाही.

किती वेळा लागतोय ते बघायला एक साधी युक्ती आहे. शॉकअपची धूळ-टोपी वर सरकवा, चकचकीत दांडीवर एक प्लॅस्टिकची केबल टाय घट्ट बांधा, जास्तीचं टोक कापा, टाय खाली नळकांड्याला टेकवा आणि टोपी परत खाली. मग तुमच्या नेहमीच्या रस्त्याने एक चक्कर मारा. परत येऊन बघा, नळकांड्याने टाय दांडीवर किती वर ढकललीय. ती वर स्टॉपरला जाऊन चिकटली असेल तर उत्तर मिळालं. दोन रुपयांत होतं हे, आणि स्प्रिंग घ्यायच्या आधी केलं तर अजून बरं, कंपनीच्या उंचीवरच टाय स्टॉपरपाशी जात असेल तर 35 खाली जायची जागा तुमच्या रस्त्यावर मुळात नाहीच.

तिसरं ते टण्ण. पोलोला मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा बसतो. स्पीडब्रेकर उतरताना मागचं चाक खाली लोंबतं, किती लोंबायचं ते शॉकअपची लांबी ठरवते. शॉकअप कंपनीचा, लांब. स्प्रिंग आखूड. मधे काही क्षण स्प्रिंग मोकळी होते आणि परत बसताना वाजते. तपासायचं असेल तर मागची बॉडी दोन्ही बाजूंनी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको, चाकं पूर्ण लोंबू द्या आणि स्प्रिंग हाताने फिरवून बघा. फिरली तर सैल आहे. हा नुसता आवाजाचा प्रश्न नाही, एखाद्या दिवशी ती खाच सोडून बसली तर मग टो व्हॅनच.

म्हणजे तुम्हाला हवेत आखूड शॉकअप, ज्यांचं रिबाउंड कडक स्प्रिंगसाठी केलेलं आहे. घेताना नुसतं स्पोर्ट लिहिलंय म्हणून घेऊ नका, लांबी विचारा. बिल्स्टाईनचं उदाहरण देतो म्हणजे समजेल, त्यांचा बी6 कंपनीच्या उंचीसाठी आहे आणि बी8 म्हणजे तोच पण लोअर केलेल्या गाडीसाठी आखूड. बॉक्स सारखेच दिसतात. कोनीच्या पिवळ्या स्पोर्टमध्ये रिबाउंड तेवढं फिरवून वाढवता येतं, स्प्रिंग आधीच घेऊन ठेवलेल्या माणसाला ते सोयीचं पडतं. नाहीतर सगळ्यात डोकेदुखी कमी म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र जुळवून विकतात ते किट. आणि हो, तुमची डिझेल आहे, पुढे पेट्रोलपेक्षा जड इंजिन, त्या स्प्रिंग पेट्रोलच्या नाहीत ना ते पार्ट नंबरवरून बघून घ्या.

बसवताना समोर उभे राहा, फिटरला राग आला तर येऊ दे. दांडी पान्याने किंवा पकडीने धरून वरचा नट सोडायचा नाही, क्रोमवर एक ओरखडा उठला की महिन्याभरात सील गेलं. ट्विन ट्यूब, म्हणजे एकात एक दोन नळ्यांचा शॉकअप असेल तर बसवायच्या आधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून हवा काढायची. नवे स्टॉपर, नवी धूळ-टोपी, वरचं माउंटिंग घरघरत असेल तर तेही. स्टॉपर कापायला सांगितला असेल तर सांगितलाय तेवढाच, आणि निमुळत्या टोकाकडून नाही, जाड बाजूने कापायचा, कारण तो हळूहळू कडक होतो तो त्या टोकामुळेच. आणि लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना टाइट करायचे. हे कोणी करत नाही. गाडी रॅम्पवर लोंबत असताना आवळले की रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडी नीट खाली बसत नाही आणि बुश सहा महिन्यांत फाटतात. मग अलाइनमेंट, आणि हेडलाइटची उंचीही बघून घ्या.

प्रश्न : दादा लोअरिंग स्प्रिंगला एवढे पैसे कशाला, आमच्याकडे एक जण ग्राइंडरने दीड वेटोळं कापून देतो, दुसरा गॅसने तापवून बसवतो. यातलं कुठलं बरं? — इचलकरंजी

उत्तर : दोन्ही नाही रे बाबा. कापणं आणि तापवणं एक नाही हे मात्र खरं, म्हणून सांगतो. सहा चालती वेटोळी असलेल्या स्प्रिंगचं दीड कापलं की उरलेली साडेचार एक तृतीयांश जास्त कडक होतात, म्हणजे स्प्रिंग कडक तर होते, पण किती खाली बसेल याचा नेम नाही आणि कापलेलं टोक बैठकीतल्या खाचेत बसत नाही. ज्यांची टोकं आत वळवून लहान केलेली असतात त्या तर कापायच्याच नाहीत. माझ्याकडे एक झेन आली होती, पुढची डावी स्प्रिंग कापलेली, ती खाचेतून सुटून बाहेर आली होती आणि टायरच्या आतल्या भिंतीवर बोटभर रुंद गोल चर पडला होता, आतले धागे दिसत होते. मालक म्हणत होता स्टेअरिंग जरा जड वाटतंय.

तापवणं त्याहून वाईट. स्प्रिंगच्या पोलादाला जे पाणी दिलेलं असतं ते गॅसच्या ज्योतीने तेवढ्या भागातलं उतरतं. ती आज 30 मिलिमीटर बसेल, पावसाळ्यापर्यंत अजून 15 बसेल, आणि मग त्याच जागी तुटेल.

प्रश्न : कॉइलओव्हर (उंची फिरवून बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप) घेतलेत, 32 क्लिकवाले. फुल हार्ड केले तरी खराब रस्त्यावर गाडी खाली बसल्यासारखी होते आणि आदळते. स्प्रिंग मऊ दिलीय का? — नाशिक

उत्तर : फुल हार्ड केले तरी नाही, फुल हार्ड केले म्हणूनच. क्लिकने स्प्रिंग कडक होत नाही, शॉकअपच्या आतली तेलाची वाट अरुंद होते. तुमचं चाक एका खड्ड्यात दबलं, परत खाली यायला रिबाउंड सोडत नाही, तेवढ्यात दुसरा खड्डा, मग तिसरा. दर वेळी थोडी थोडी करत गाडी स्वतःला खाली ओढून घेते आणि स्टॉपरवर जाऊन बसते. तुम्हाला वाटतं स्प्रिंग मऊ. सगळे क्लिक सोडून पूर्ण सॉफ्टवर या, तुमच्या ओळखीच्या एका रस्त्यावर चालवा, दोन-दोन क्लिक वाढवत जा, एका उंचवट्यानंतर बॉडी एकदाच वर येऊन थांबायला लागली की तिथे सोडा. कुठल्या क्लिकवर थांबलात हे मित्रांना सांगू नका, ते हसतील, बहुतेक दहाच्या आतबाहेर असेल.

आणि उंची कशाने कमी केलीत तेही बघा. स्प्रिंगखालची रिंग फिरवून केली असेल तर चाकाला वर जायची जागा तेवढी कमी झाली. खालचा ब्रॅकेट वेगळा फिरत असेल तर उंची तिथून कमी करा, शॉकअपच्या आतली जागा शाबूत राहते, मग फक्त टायर वर फेंडरला घासत नाही ना ते तपासा.

प्रश्न : लोअर केल्यावर गाडी वळणात कमी झुकायला हवी ना? माझी आंबा घाटात जास्तच झुकल्यासारखी वाटते. 50 मिलिमीटर खाली आहे. — रत्नागिरी

उत्तर : वाटत नाही, झुकतच असेल. तुमच्या गाडीसारख्या मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये (शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात, खाली लोअर आर्म) बॉडी एका काल्पनिक बिंदूभोवती कलते, त्याला रोल सेंटर म्हणतात. गाडी खाली आली की तिचं वजनाचं केंद्र 50 मिलिमीटर खाली येतं, पण लोअर आर्म चाकाकडे चढता झाला की रोल सेंटर त्याहून जास्त खाली घसरतं. दोघांतलं अंतर वाढलं, म्हणजे तरफ लांब झाली, वळणात गाडी कलवायला तीच वापरली जाते. वाकून बघा, लोअर आर्म जमिनीला समांतर दिसेल इतपतच खाली या, त्यापुढे जाण्यात दिसण्याशिवाय काही मिळत नाही. स्टेअरिंग रॉडचा कोनही बिघडलेला असतो, खड्ड्यात गाडी आपोआप वळल्यासारखी करते ती त्यामुळे. 20 मिलिमीटर परत वर घ्या, घाटात फरक लगेच कळेल.

प्रश्न : नमस्कार, मी मूळची पुण्याची, सध्या स्टुटगार्टला आहे. जुनी गोल्फ घेतलीय, नवऱ्याने सेकंडहँड 40/30 च्या स्प्रिंग आणल्यात. इथे कागदपत्रांचं फार आहे म्हणतात, आणि शॉकअप बदलायलाच लागतील का?

उत्तर : 40/30 म्हणजे पुढे 40 मागे 30 मिलिमीटर खाली, हे तुम्हाला माहीत असेलच. कागद हा तिथला मुख्य मुद्दा आहे. स्प्रिंगबरोबर टाइलेगुटआख्टेन नावाचं प्रमाणपत्र हवं, ते घेऊन टीयूव्हीसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडे गाडी दाखवायची आणि नोंद करून घ्यायची. सेकंडहँड स्प्रिंगला तो कागद हरवलेला असला तर बनवणाऱ्या कंपनीकडे मिळतो का बघा, पण स्प्रिंगवर छापलेला नंबर वाचता आला पाहिजे, गंज घासून बघा. मग त्यात कमाल ॲक्सल लोड, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर किती वजन चालेल ते, दिलेला असतो, तो तुमच्या गाडीच्या नोंदणीतल्या ॲक्सल लोडपेक्षा कमी असेल तर ती स्प्रिंग तुमच्या इंजिनची नाही, विषय संपला. कंपनीचे शॉकअप चालतील का तेही त्याच कागदात असतं, 30 च्या आसपास बऱ्याचदा चालतात, 40 ला मी जुन्या गाडीत जुने शॉकअप ठेवणार नाही. नवऱ्याला सांगा स्प्रिंग फुकटात पडल्या तरी शॉकअपचे पैसे बाजूला काढून ठेव.

प्रश्न : मुलाने डिझायर लोअर केलीय, 40 मिलिमीटर. गावी येताना पाच जण आणि सामान असलं की प्रत्येक स्पीडब्रेकरला पोट घासतं. तो म्हणतो स्पीडब्रेकरच चुकीचे आहेत. पोलीस पकडतील का ते वेगळंच. — एक आई, बार्शी

उत्तर : काकू, मुलगा खोटं बोलत नाहीये. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, गोलाईचा, 25 च्या स्पीडने ओलांडायचा असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटरच्या आसपास असलेली गाडी त्यावर मधोमध आली तर चाकंही उंचवट्यावरच असतात आणि पोटाखाली जेमतेम 5 सेंटिमीटर जागा लागते. तो लोअर गाडीलाही घासणार नाही. पण वस्तीवर रात्रीत घातलेला हातभर रुंद आणि वीतभर उंच ढिगारा असतो ना, त्याच्या दोन्ही बाजूला चाकं सपाट रस्त्यावर आणि पोट बरोबर ढिगाऱ्यावर, तिथे सगळीच्या सगळी उंची लागते. तुमच्या गाडीला कंपनीने 163 मिलिमीटर दिले होते, त्यातले 40 मुलाने काढले, राहिलेल्यातून पाच माणसं आणि डिकीतली पोती अजून काही खातात. मग बोला.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बसत नाही असा बदल करता येत नाही, 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलासाठी 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं कलम आलंय. रस्त्यात कोणी स्प्रिंग मोजत बसत नाही हे खरं, पण अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर मोजतो. तुमच्या मुलाने मूळ स्प्रिंग भंगारात घातल्या नसतील तर माळ्यावर असतील, त्या परत घालायला कुठल्याही बऱ्या गॅरेजला अर्धा दिवस लागतो. गणपतीला सगळे गावी निघायच्या आधी एवढं करून घ्यायला सांगा, आणि शॉकअप तेव्हाच काढलेले असतील तर त्यांचे स्टॉपरही बदलून टाका.